आमच्या ओटीवरचं विद्यापीठ

मास्तरांना मुंबईच्या कॉलेजात तीनदा नापास केलं ते बरोबरच केलं. मी चौथी शिकलेली बाई, पण मीसुद्धा नापासच केलं असतं. अमका राजा चांगला की वाईट, असा प्रश्न आला की हे आधी वाईट म्हणणाऱ्यांची बाजू पानं भरभरून लिहायचे, मग चांगला म्हणणाऱ्यांची, आणि स्वतःचं मत लिहायला घेतलं की घंटा व्हायची. तिसऱ्या वेळी तर म्हणे पेपर काढणाऱ्याचीही बाजू लिहून आले, त्या बिचाऱ्याला हा प्रश्न का सुचला असेल म्हणून. जव्हार संस्थानाने मोठ्या हौसेने शिकायला पाठवलेला माणूस. परत आला तो एक ट्रंकभर पुस्तकं आणि एक काळा कोट घेऊन. दरबाराने जव्हारच्या शाळेत मास्तर म्हणून लावून दिलं, आणि राहायला ते आमच्याकडे आले.

आमच्या घराला रस्त्याच्या अंगाला एक खोली होती आणि तिच्यापुढे लांबलचक ओटी. माझे घरवाले सुतार. नांगर, दारं, पाळणे सगळं करायचे, पण जव्हार-मोखाड्यात त्यांचं नाव होतं ते सोंगांसाठी. होळीनंतर आमच्याकडे गावोगाव बोहाडा होतो. एकेक देव लाकडी मुखवटा चढवून ढोलाच्या तालावर नाचत येतो. त्या मुखवट्यालाही आम्ही सोंगच म्हणतो. थंडीत सगळ्या पाड्यांची सोंगं रंगवायला आमच्या ओटीवर येऊन पडायची. त्यांच्या रांगेत मास्तर बसून पुस्तक वाचायचे. लांबून बघणाऱ्याला तेही एक सोंगच वाटत.

भांडण ऐकू आलं की ह्या माणसाला चैन पडत नसे. विहिरीवर दोन बायका भांडत असल्या की शहाण्याने वाट बदलावी. हे घागर नसताना विहिरीवर जायचे.

"थांबा, थांबा! आता तुम्ही तिचं म्हणणं सांगा. तिला पटेल असं सांगा. ती 'हो, हाच माझा बोल' म्हणाली की मग तुमचं सांगा."

बायका आपलं भांडण सोडून ह्यांच्यावर उलटायच्या. मिटायचं मात्र.

माझ्याशी तर रोजचं होतं. मी ओटीवर नागलीचे, म्हणजे नाचणीचे, पापड घालायची आणि हे त्यावरच्या दांडीवर ओलं धोतर.

"वहिनी, तुमचं म्हणणं असं, की ओटी तुमची, ऊन तुमच्या पापडांचं, आणि माझ्या धोतराचं पाणी त्यांच्यावर ठिबकतं. बरोबर?"

"बरोबर."

"शिवाय हा माणूस रोज तेच करतो आणि रोज गोड बोलून सुटतो."

"तेही बरोबर."

"ह्याला माझ्याकडे उत्तर नाही," असं म्हणायचे, आणि धोतर तिथेच ठेवून शाळेत जायचे.

ओटीच्या भिंतीवर त्यांनी एके दिवशी कोळशाने मोठ्या अक्षरात 'विद्यापीठ' असं लिहिलं. मी ओल्या फडक्याने पुसलं. त्यांनी पुन्हा लिहिलं. असं तीनदा झालं, मग मला कंटाळा आला. कॉलेजात काय शिकलात, असं कुणी विचारलं तर ते पुस्तकाचं नाव काढत नसत. म्हणत, तिथली मुलं एक मोठी गोष्ट करतात. कुठे तरी लांब माणसं लढाईत, दंग्यात सापडली की मुलं सभा भरवतात. त्या लोकांची चित्रं लावतात, त्यांची गाणी म्हणतात, आणि मग त्या भांडणावर दोन्ही बाजूंनी बोलतात. त्याने लढाई थांबते का? नाही. पण ती माणसं एकटी नाहीत एवढं तरी होतं.

"आधी कला, मग कलह," असं त्यांचं वाक्य होतं. सभेलाही त्यांनी नाव दिलं होतं, सोबतीची सभा.

पहिली सभा त्यांनी विलायतेच्या लढाईवर घेतली. वर्तमानपत्र जव्हारला शिळं होऊन यायचं, पण मास्तर वाचायचे असं, जणू तोफ आत्ता आमच्या गल्लीत उडाली. बाजाराचा दिवस होता, ओटी भरली. भोपळ्याचा लांब तारपा वाजला. मग मास्तर बोलले. एका देशाची गावंच्या गावं कशी जळाली, माणसं पोरं उचलून कशी पळाली. त्या देशाचं नाव कुणाला उच्चारता येईना, पण बायका डोळे पुसत होत्या. दाभोशाची एक म्हातारी उठली.

"मास्तर, तेंच्याकडे नागली पिकते का?"

मास्तरांना माहीत नव्हतं. माहीत नाही असं त्यांनी सांगितलं आणि त्याच दिवशी मुंबईला आपल्या जुन्या प्रोफेसरांना पत्र टाकलं. उत्तर आलं, गहू पिकतो. म्हातारी पुढच्या बाजाराला आली ती बियाण्याच्या नागलीचं गाठोडं घेऊन. "गहू जळला तर बसतील काय खात? ही माळावर पण उगवते." मास्तरांनी ते गाठोडं खरंच शिवून, पत्ता घालून पोस्टात नेलं. पोस्टातला कारकून आठ दिवस हसत होता. ते पोचलं की उंदरांनी खाल्लं, देव जाणे. परत आलं नाही एवढं खरं.

मास्तर पुढे मोखाड्याच्या आत एका पाड्यावर शाळा काढायला गेले आणि तिथेच हिवतापाने गेले. त्यांची पुस्तकं माझ्याकडे राहिली, त्यांना वाळवी लागली, मी ती चुलीत घातली. शिकलेली माणसं आता मला बोल लावतात. लावू देत. वाळवी लागलेल्या पुस्तकाची दुसरी बाजू काय असते, ते त्यांनी मला सांगावं.

पण मला सांगायची आहे ती सोंगाची गोष्ट. नुसती आठवली तरी मी अजून उठून बसते.

मोखाड्याच्या अंगाला हद्दीवर दोन पाडे होते. एक डोंगराच्या वर, एक खाली. मधल्या उतारावर दोघांचे वाडवडील राबाचा पाला तोडत आलेले. आमच्याकडे झाडाचा पाला शेतात पसरून भाजतात, त्याला राब म्हणतात. त्या भाजलेल्या जमिनीत भात-नागलीचं रोप टाकायचं. राब नाही तर रोप नाही, आणि रोप नाही तर वर्षभर कंदमुळं. मग हद्द मोजायला साहेब आला. जव्हार संस्थानचं, मोखाडा इंग्रजांचा. साहेबाने दगड रोवले आणि अख्खा उतार वरच्या पाड्याच्या, म्हणजे इंग्रजांच्या बाजूला गेला. खालच्यांनी दगड मानला नाही. त्या वर्षीच्या माघात सकाळच्या धुक्यात दोन्हीकडचे कोयते घेऊन उतारावर आले. वरच्या पाड्याचा पुढारी चैत्या, त्याच्या धाकट्या भावाच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. धुक्यात कोयता कुणाचा होता, ते कळलं नाही. त्या वर्षी खालच्यांना पाला नाही, आणि दोघांचा मिळून होणारा बोहाडाही झाला नाही. त्यांचं देवीचं सोंग रंगवायला आलेलं, ते वर्षभर आमच्याच भिंतीवर होतं. कोण नेणार, ह्यावरही भांडण.

माघ पुन्हा जवळ आला. ह्या वेळी बोटांवर भागणार नाही, असं सगळा बाजार म्हणत होता.

मास्तर दोन्ही पाड्यांवर जाऊन आले. ओटीवर चढले ते ओरडतच.

"वहिनी, दोन्ही पाड्यांचं बरोबर आहे! दोन्ही! काय भयंकर गोष्ट आहे!"

"मग गप बसा."

"गप? ज्याचं चुकतं त्याच्यासाठी कोर्ट आहे. दोघांचंही बरोबर असेल त्यांच्यासाठी कोण आहे? विद्यापीठ!"

दरबारच्या कारभाऱ्यांनी त्यांना बोलावून घेतलं. हद्दीचा मामला आहे, इंग्रजाचे कान तिखट आहेत, तुम्ही गाणी म्हणा, पण ओटीवर काही झालं तर मास्तरकी गेली आणि संस्थानाबाहेर व्हायचं, असं बजावलं. वर नजर ठेवायला एक पट्टेवाला दिला. मास्तर खुशीत परतले. म्हणाले, "एक श्रोता वाढला."

नाताळच्या सुटीत त्यांचे कॉलेजातले दोन मित्र मुंबईहून आले, एकाकडे सारंगी. बाजाराच्या दिवशी दुपारी सभा ठरली. खालच्या पाड्याच्या बायकांनी सकाळीच भिंतीवर तांदळाच्या पिठाने डोंगर काढला, वरच्या पाड्याच्या बायकांनी त्यावर झाडं काढली. एकमेकींशी बोलल्या नाहीत, पण झाडं डोंगरावरच आली. सारंगी झाली, तारपा झाला. कला झाली, आता कलह. आणि तिथेच गाडी अडली. चैत्या रस्त्याकडे तोंड करून बसला. खालच्या पाड्याचा पुढारी रावज्या भिंतीकडे तोंड करून.

"मी तेचा तोंड पाहणार नाय," चैत्या म्हणाला.

"माना तरी कुठे हौस हाय?" रावज्या म्हणाला.

"मग तोंड झाका!" मास्तर ओरडले, आणि त्यांची नजर वर गेली. भिंतीवर देवीचं सोंग. घरवाल्यांनी कालच तिच्या गालांना लाल रंग दिला होता.

"मास्तर, नको," घरवाले म्हणाले. "सोंग नाचतं. सोंग बोलत नाही."

"बोललं तर काय होतं?"

"आजवर कुणी बोललेलं नाही. काय होतं ते मला काय ठाऊक?"

"पूजा झाली आहे का तिची?"

"वर्षभर नाही."

"मग सध्या ते लाकूड आहे," मास्तर म्हणाले. हीच त्यांची चूक. पुस्तकातल्या माणसाची चूक.

नियम मास्तरांचा नेहमीचा. चैत्याने सोंग चढवून खालच्या पाड्याची बाजू मांडायची, रावज्या 'हाच माझा बोल' म्हणेपर्यंत. चैत्याला गंमत वाटली. शत्रूची नक्कल करायला कुणाला आवडत नाही? त्याने सोंग चढवलं आणि रडका सूर काढला.

"माना पाला नाय, माना राब नाय, ऊं ऊं..."

वरच्या पाड्याचे खदखदून हसले. रावज्या भिंतीकडे बघतच म्हणाला, "हा माझा बोल नाय."

चैत्याने पुन्हा केलं. पुन्हा नाही. तिसऱ्या वेळी त्याचा सूर बदलला. चैत्याची बहीण खालच्या पाड्यात दिलेली होती, हे मला नंतर कळलं. तिच्या घरात काय चाललंय ते त्याला चांगलं ठाऊक होतं. लाकडाच्या आतून आवाज घुमत येत होता.

"न भाजलेल्या जागेत रोप टाकला. उगवला तो तणाने खाल्ला. भादव्यात पोरांनी कडू कंद उकडून खाल्ले, एक पोर तीन दिस ओकत होता. आज्याने ह्याच उतारावर पाला तोडला. दगड साहेबाने लावला, डोंगराने नाय लावला. आमी चोर कसे?"

रावज्या वळला. त्याचे डोळे भरले होते. "हां," तो म्हणाला. "हाच माझा बोल."

सभा तिथे संपायला हवी होती. पण चैत्याची आई उठली. वाळकी काटकुळी म्हातारी. तिने माझ्या कुंकवाच्या करंड्यातून न विचारता चिमूट घेतली, सोंगाच्या कपाळाला लावली आणि आपल्याच मुलाच्या पायावर डोकं ठेवलं.

"देवीआई, मग कसा करू? सांग."

चैत्या सोंगाआड अडकला. नियमाप्रमाणे त्याला खालच्यांच्याच बाजूने बोलायचं होतं.

"पाला द्या आमाला," तो म्हणाला. "निम्मा उतार द्या."

"दिला आई," म्हातारी म्हणाली.

तिच्यामागोमाग सगळा वरचा पाडा आडवा झाला, मग खालचाही, आणि त्यांच्यात पट्टेवालाही. मुंबईच्या मित्रांना वाटलं नाटकच आहे, त्यांनी टाळ्या वाजवल्या. चैत्याने सोंग उपसून काढलं. दोन्ही हातांना लाल रंग लागलेला.

"आये, तो मी होतो! मास्तरचा खेळ होता तो!"

म्हातारीने त्याला खालीवर पाहिलं. "तू कुठला होतास? तू तर आत्ता आलास."

मला हसू आवरेना. ओटीवर नुसता गलका! खालच्या पाड्याच्या बायका नाचायला लागल्या. पट्टेवाला माझ्या कानाशी येऊन विचारू लागला, ह्याला सभा म्हणायचं की पूजा. आणि ह्या सगळ्यात एकच माणूस दुःखी. मास्तर.

"चूक! साफ चूक! चैत्याची बाजू मांडलीच गेली नाही! हा निकाल नाही!"

"मास्तर, मारामारी टळली," मी म्हटलं. "तुमची मास्तरकी राहिली. आता बसा."

बसतात कसले? मोखाड्याच्या रस्त्याने पाड्याची माणसं निघाली तर हे मागून धावत गेले, तुम्हाला न्याय मिळालेला नाही हो, असं वरच्या पाड्याला ओरडून सांगत. पुढच्या बाजाराला सभा पुन्हा होईल, आता सोंग रावज्या चढवेल आणि चैत्याची बाजू मांडेल. जिंकलेला डाव स्वतःहून मोडणारा माणूस मी तेवढा एकच पाहिला. आठ दिवस मी त्यांना पेज वाढली ती आदळून.

खालच्या पाड्याचे जिवाला घाबरले. रावज्या नीट बोलला तर देवी दिलेला पाला परत घेईल! सगळ्या पाड्याने त्याला बजावलं, वाईट बोल, अडखळ, खोकला काढ. त्याची बायको बाजाराच्या सकाळी माझ्याकडे आली. "वहिनी, तेला भाकरीत काय तरी घाला. आवाज बसू द्या." मी म्हटलं, माझ्याकडे सुतारकी आहे, वैदकी नाही.

त्या दिवशी ओटीवर मुंगीला जागा नव्हती. माणसं रस्त्यात उभी, समोरच्या मणियारांच्या दुकानाच्या पायरीवर उभी. चैत्या पुढे बसला होता, ह्या वेळी तोंड सोंगाकडे करून. त्याच्याशेजारी त्याचा धाकटा भाऊ, उजवा हात घोंगडीत. पट्टेवाला खांबाला टेकून. रावज्याने सोंग चढवलं.

"साहेबाने दगड लावला तो माना विचारून नाय," तो म्हणाला. "उतार माझ्याकडे आला तो मी मागितला नाय."

"हा माझा बोल नाय," चैत्या म्हणाला.

"उतारावर झाडां थोडी. दोघे तोडले तर चार वर्षांत कुणालाच पाला नाय."

"खरा हाय. पण हा माझा बोल नाय."

खालच्या पाड्याचे सुस्कारे टाकत होते, आता थांब म्हणून. मास्तर पुढे वाकून, ओठ हलवत. सोंग घोंगडीतल्या हाताकडे वळलं. मग आतून वेगळाच आवाज आला.

"माझे भावाची दोन बोटां गेली. कोयता तेच्या मुठीत राहत नाय. नांगर धरवत नाय. एक वरीस झाला, खालच्या पाड्यातून एक माणूस आला नाय, चुकला म्हणून बोलाय. पाल्याचा राहू दे. माना तेचा दुखतां."

चैत्याने मान हलवली. हाच त्याचा बोल होता.

आणि त्याची आई उठली! मी चुलीवरचं दूध तसंच सोडून दारात आले. म्हातारीने पुन्हा डोकं ठेवलं.

"आई, माझे पोराची बोटां कोणी तोडली?"

रावज्याची बायको पदर तोंडात कोंबून बसली.

"रावज्याने," सोंग म्हणालं.

मास्तर ताडकन उठले. "हे बाजू मांडणं नव्हे! हे रीतीत बसत नाही!" घरवाल्यांनी त्यांच्या तोंडावर हात ठेवला आणि खाली बसवलं. चैत्याचा हात कमरेच्या कोयत्यावर गेला. पट्टेवाला खांब सोडून पुढे आला, कबुली झाली, ह्याला दरबारात नेतो म्हणून. रावज्याचे हात सोंग काढायला वर गेले.

"काढू नकोस!" मी ओरडले. इतक्या माणसांत मी कधी आवाज चढवला नव्हता. "रावज्या, सोंग काढू नकोस!"

म्हातारीला कळलं. ती पट्टेवाल्याच्या आडवी आली.

"कबुली कोणी दिली? आईने दिली. ने तिला बांधून. ने, हिंमत असली तर."

पट्टेवाल्याने देवीकडे पाहिलं. आठ दिवसांपूर्वी त्यानेही तिथे डोकं टेकलं होतं. तो दोन पावलं मागे गेला आणि पुन्हा खांबाला टेकला.

आता सगळे चैत्याकडे बघत होते. पण उठला तो त्याचा भाऊ. घोंगडी बाजूला केली, तो तीन बोटांचा हात तसाच उघडा घेऊन सोंगापुढे गेला. पाया पडला नाही. चैत्याने कोयत्यावरचा हात काढलेला नव्हता.

"आई," भाऊ म्हणाला, "तो रावज्या तुला कुठे भेटला तर सांग तेला. माझे राबाचा पाला तोडाय उद्याच्याला ये. परवाही ये. माझा हात पुरत नाय तोवर दर वरसाला ये. तेचा निम्मा उतार दिला तो दिला." तो जरा थांबला. "आन कोयता तेचाच आण म्हणावं. माझा मी तेच्या हातात देणार नाय."

ओटीवर कुणीतरी फसकन हसलं, मग सगळेच. चैत्याचा हात कमरेवरून खाली आला.

देवीने मान हलवली. एकदा नाही, दहादा. दुसऱ्या दिवशी उजाडायला रावज्या स्वतःचा कोयता घेऊन डोंगर चढला.